सामन्याला दांडी मारणाऱ्या कॉलेज खेळाडूला शिक्षा व्हावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की हे प्रश्न येऊ लागतात. निम्मे प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांचे असतात. त्यांची मुलं इथल्या कॉलेजांत खेळतात किंवा निदान शनिवारचा अमेरिकन फुटबॉल भक्तिभावाने बघतात. उरलेले पुण्या-मुंबईच्या काका-मावशांचे. पुतण्याच्या विद्यापीठाचा मोठा खेळाडू शेवटचा सामना खेळणार नाही असं कळतं आणि त्यांना ते अजिबात पटत नाही.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे उत्तरं वाचताना ते लक्षात राहील. शिष्यवृत्तीला हात लावू नये. ठरावीक सामन्यांसाठी पैसे घेतले असतील आणि खेळाडू उतरला नाही, तर तेवढे पैसे परत मागणं रास्त आहे, पण ते आधी कागदावर असलं पाहिजे. आणि जो नियम खेळाडूला, तोच कोचला आणि विद्यापीठाला.

१. मुळात हा वाद कशावरून सुरू झाला?

डिसेंबर २०१६ मध्ये, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, दोन नावाजलेल्या खेळाडूंनी हंगामाचा शेवटचा सामना खेळणार नसल्याचं जाहीर केलं. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा लेनर्ड फोर्नेट सिट्रस बाउलला उतरला नाही आणि स्टॅनफर्डचा ख्रिश्चन मॅकॅफ्री सन बाउलला. दोघांनाही काही महिन्यांनी होणाऱ्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीची, तयारी करायची होती. फोर्नेटचा घोटा तर हंगामभर त्रास देत होता.

त्याआधीही खेळाडू सामने चुकवत, पण धडधाकट असलेला नामवंत खेळाडू 'मी खेळणार नाही' असं उघडपणे म्हणतो, हे लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. कुणी स्वार्थी म्हटलं, कुणी शहाणा. त्यानंतर दर डिसेंबरला अशा नावांची यादी लागते.

२. बाउल म्हणजे अंतिम सामनाच ना? मग ऐन फायनलला पाठ दाखवायची?

बहुतेक बाउल सामने फायनल नसतात, आणि सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. हंगाम संपल्यावर चांगल्या संघांना खास निमंत्रण देऊन जे सामने भरवतात, ते बाउल. पॅसाडीनाचा रोझ बाउल सर्वांत जुना, १९०२ पासूनचा. आज असे चाळीसच्या आसपास सामने होतात. प्रायोजक, टीव्ही आणि यजमान शहरातली हॉटेलं यांना त्यातून पैसा मिळतो. खेळाडूंना वर्षानुवर्षं मिळत आल्या त्या भेटवस्तू, म्हणजे घड्याळ, हेडफोन, पिशवी असं काहीबाही.

राष्ट्रीय विजेतेपद ठरतं ते प्लेऑफमध्ये. २०१४ च्या हंगामापासून त्यात चार संघ होते, २०२४ पासून बारा झाले. प्लेऑफचा सामना खेळाडू सहसा सोडत नाहीत. हे वागणं मला फार बोलकं वाटतं. जिथे खरोखर काही पणाला लागलेलं असतं तिथे ही मुलं जिवाच्या आकांताने खेळतात.

३. एका सामन्याने असं काय बिघडतं? वर्षभर खेळलाच ना?

जेलन स्मिथ हा नोत्र दाम विद्यापीठाचा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू. पहिल्या पाचांत निवडला जाईल असं सगळे म्हणत होते. १ जानेवारी २०१६ ला फिएस्टा बाउलमध्ये त्याच्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले आणि मज्जातंतूला इजा झाली. ड्राफ्टमध्ये तो ३४ वा गेला आणि पुढचा अख्खा हंगाम मैदानाबाहेर बसला. (पुढे तो उत्तम खेळला, ही त्याची जिद्द.)

मिशिगनचा जेक बट डिसेंबर २०१६ च्या ऑरेंज बाउलमध्ये गुडघा गमावून बसला आणि पाचव्या फेरीपर्यंत घसरला. फोर्नेट आणि मॅकॅफ्रीने माघार घेतली तोच हा महिना. ओल मिसचा (म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा) क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, मॅट कोरल १ जानेवारी २०२२ ला शुगर बाउल खेळला. घोटा दुखावला आणि तो तिसऱ्या फेरीत, ९४ वा गेला. त्याच दिवशी कर्क हर्बस्ट्रीट या नामांकित समालोचकाने टीव्हीवर म्हटलं होतं की आजच्या पिढीचं फुटबॉलवर प्रेम नाही. कोरल स्ट्रेचरवरून नाही, पण कुबड्यांवर संघाजवळ परत आला होता. प्रेम कमी होतं असं म्हणवत नाही.

पहिली फेरी आणि तिसरी फेरी यांत कोट्यवधी रुपयांचा फरक असतो. अनेक मुलांच्या घरात त्या पैशाने पहिल्यांदाच कर्ज फिटणार असतं.

४. अशा खेळाडूला पुढे कुठला संघ घेतो? शिक्षा आपोआप होतेच ना?

होत नाही. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये फोर्नेट चौथा गेला, मॅकॅफ्री आठवा. ओहायो स्टेटच्या निक बोसाने २०१८ मध्ये शस्त्रक्रियेनंतर मधूनच कॉलेज सोडलं, तो दुसरा गेला. जमार चेस २०२० चा अख्खा हंगाम खेळला नाही, तरी पाचवा गेला. ज्यांना पदरचे पैसे मोजून खेळाडू घ्यायचा असतो, त्यांना ही माघार समजते. रागावतात ते तिकिटं काढलेले आणि टीव्हीसमोर बसलेले.

५. दांडी आणि माघार यात तुम्ही फरक करता. तो नेमका काय?

दांडी म्हणजे न सांगता गायब. सराव नाही, फोन नाही, बसमध्ये जागा रिकामी. माघार म्हणजे आधी सांगितलं, कारण दिलं, बदली खेळाडूला तयारीला वेळ मिळाला.

दांडीला संघाने शिक्षा करावी, याबद्दल मला शंका नाही. पुढचा सामना बाकावर बसवा, कर्णधारपद काढा, वारंवार झालं तर संघातून कमी करा. हा शिस्तीचा भाग आहे आणि प्रत्येक संघाच्या नियमावलीत तो असतो. मात्र माघार घेणाऱ्याला त्याच मापाने मोजायचं म्हणजे प्रामाणिकपणालाच शिक्षा. मग मुलं शहाणी होतात आणि खरं कारण सांगायच्या ऐवजी 'मांडीचा स्नायू धरलाय' म्हणतात. स्नायू धरलाय की नाही हे कुठल्याही यंत्रात धड दिसत नाही. सक्तीचा शेवट असाच होतो.

६. शिष्यवृत्ती काढून घेता येते का? कायदा काय म्हणतो?

जुना कायदा कडक होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस वेक फॉरेस्ट विद्यापीठात ग्रेग टेलर नावाचा मुलगा फुटबॉल शिष्यवृत्तीवर दाखल झाला. पहिल्या सत्रात गुण घसरले, म्हणून त्याने सराव थांबवला आणि अभ्यासाला लागला. गुण सुधारले, विद्यापीठाच्या किमान अटीच्या बरेच वर गेले. तरीही तो मैदानावर परतला नाही, आणि शिष्यवृत्ती बंद झाली. बापलेक दोघे कोर्टात गेले. १९७२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या अपील न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला: खेळण्याच्या बोलीवर पैसे घेतले होते, बोली मोडली. मुलगा अभ्यासासाठी खेळ सोडतो आणि विद्यापीठ त्याचेच पैसे बंद करतं! आपल्याकडच्या कुठल्याही आईबापांना हे वाचून चटका बसेल.

पुढे चित्र बदललं. २०१५ मध्ये पाच मोठ्या परिषदांनी, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांनी, ठरवलं की मैदानावरच्या कामगिरीवरून शिष्यवृत्ती कमी करायची नाही. ऑगस्ट २०२४ पासून असं संरक्षण एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या पहिल्या विभागातल्या सर्व खेळाडूंना आहे. दुखापतीवरूनही ती काढता येत नाही.

पण एक पळवाट अजून शिल्लक आहे. खेळाडूने स्वतःहून खेळ सोडला, तर रक्कम थांबवता येते. एक सामना न खेळणं म्हणजे 'खेळ सोडणं' असा अर्थ सहसा लावत नाहीत. हंगामाच्या मध्यावर निघून जाणं ही वेगळी गोष्ट (प्रश्न ११ पाहा). रक्कम थांबवलीच, तर सुनावणीचा हक्क असतो आणि ती क्रीडा विभागाबाहेरच्या मंडळींपुढे होते. हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं.

बाउल सामन्यापर्यंत या मुलाने त्याचं सत्र पूर्ण केलेलं असतं, परीक्षा दिलेल्या असतात, बारा सामने अंगावर घेतलेले असतात. त्याची फी माफ झाली ती एवढं सगळं केल्याबद्दल. तेराव्या सामन्यासाठी ती ओलीस ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

७. आता तर खेळाडूंना चक्क पैसे मिळतात. पगार घ्यायचा आणि कामावर यायचं नाही, हे कसं चालेल?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला आणि सगळ्यांत रास्त प्रश्न. २०१६ मध्ये मॅकॅफ्रीला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव, छायाचित्र आणि ओळख वापरू देण्याचे पैसे घेता येऊ लागले. यालाच एनआयएल म्हणतात. मग ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठासाठी मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची.

म्हणजे 'फुकट राबतात बिचारे' हा जुना युक्तिवाद आता मोठ्या संघांच्या बाबतीत तितका टिकत नाही, आणि तो करणं मीही सोडलं आहे. एखाद्याने हंगामाअखेरपर्यंतचे पैसे घेतले आणि शेवटचा सामना सोडला, तर त्या सामन्याच्या वाट्याची रक्कम कापावी. मला त्यात काही गैर दिसत नाही.

अडचण वेगळीच आहे. कागदावर हे पैसे 'खेळण्याचे' नसतात, नावाच्या वापराचे असतात. विद्यापीठं खेळाडूंना नोकर मानायला तयार नाहीत, कारण मानलं की कामगार संघटना, भरपाई, कामाचे तास हे सगळं मागोमाग येतं. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटना स्थापन करायचं ठरवलं होतं, त्याच वर्षाच्या शेवटी अर्ज मागे घ्यावा लागला. नोकर म्हणायचं नाही आणि कामावर आला नाही म्हणून दंड मात्र लावायचा, असं दोन्ही बाजूंनी वाजवता येत नाही. बाउल सामना सक्तीचा हवा असेल तर तो करारात लिहा, त्याचे वेगळे पैसे द्या आणि दुखापतीचा विमा स्वतः काढा. मग खुशाल वसुली करा. वसुलीचा प्रयत्न काही जण करतातही. जॉर्जिया विद्यापीठाच्या क्रीडा संस्थेने दुसरीकडे गेलेल्या एका खेळाडूकडे कराराच्या आधारे ३ लाख ९० हजार डॉलर मागितले आहेत. ते प्रकरण विद्यापीठ बदलण्याचं आहे, सामना चुकवण्याचं नाही. पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते त्यावरून कळतं.

८. विमा काढला की प्रश्न मिटला, असं नाही का?

थोडा मिटतो. ड्राफ्टमधली घसरण भरून देणारा विमा असतो. जेक बटला (प्रश्न ३) त्यातून सुमारे ५ लाख ४३ हजार डॉलर मिळाले. वाईट नाही, पण वरच्या फेरीतल्या कराराच्या तुलनेत अगदीच तुटपुंजे, आणि गुडघा परत मिळाला नाही तो नाहीच. डिसेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडोचे ट्रॅव्हिस हंटर आणि शेडूर सँडर्स अलामो बाउलला उतरले तेव्हा त्यांच्यासाठी विम्याची खास तजवीज केली होती. खेळाडू उतरावा असं वाटत असेल तर धमकीपेक्षा हा मार्ग चांगला. मात्र असा विमा यादीतल्या पहिल्या दोन-चार नावांच्याच वाट्याला येतो.

९. पण मागे राहिलेल्या मुलांचं काय? त्यांनी काय पाप केलं?

इथे मला माझ्याच बाजूचं बोलणं जड जातं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

२०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले. क्वार्टरबॅक जखमी झाला होता, त्या कारणाने निवड समितीने त्यांना प्लेऑफमधून वगळलं. मुलं खचली. ३० डिसेंबरच्या ऑरेंज बाउलला दोन डझनांहून अधिक खेळाडू नव्हते: कुणी ड्राफ्टसाठी थांबलं, कुणी दुसऱ्या विद्यापीठाच्या वाटेवर, कुणी जखमी. जॉर्जियाने त्यांना ६३–३ असं हरवलं. बाउल सामन्यांच्या इतिहासात एवढ्या मोठ्या फरकाने कुणी हरलेलं नाही. जी मुलं उतरली, त्यांच्या नावावर तो आकडा कायमचा लागला. त्यात पुढे कधीच व्यावसायिक खेळ न खेळणारी शेवटच्या वर्षाची मुलं होती, आणि त्यांच्यासाठी तोच आयुष्यातला शेवटचा सामना होता. हे नुकसान खरं आहे. ते नाकारून माघारीची बाजू घेणारा माणूस मला प्रामाणिक वाटत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. २०१६ मध्ये फोर्नेटशिवाय लुइझियाना स्टेट जिंकलं, मॅकॅफ्रीशिवाय स्टॅनफर्डही जिंकलं. मॅकॅफ्रीच्या जागी आलेल्या ब्राइस लव्हने त्या दिवशी शंभराच्या वर यार्ड धाव घेतली आणि पुढच्या वर्षी तो हाइझमन या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्कारात दुसरा आला. मग तो ड्राफ्टला न जाता आणखी एक वर्ष कॉलेजातच राहिला. नियमित हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि तो चौथ्या फेरीत निवडला गेला. ज्याला माघारीने संधी मिळाली, त्यालाच थांबण्याची किंमत मोजावी लागली. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मागे राहिलेल्यांची नुकसानभरपाई निघून गेलेल्याला शिक्षा करून होत नाही. फ्लोरिडा स्टेटच्या मुलांना त्या दिवशी काय हवं होतं? आणखी पंधरा रुसलेले, अर्ध्या मनाने धावणारे सोबती?

१०. कोच मध्येच निघून जातात, त्यांना कोण शिक्षा करतं?

कोणी नाही, आणि म्हणूनच मला खेळाडूंवरचा राग पक्षपाती वाटतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रायन केली नोत्र दाम सोडून लुइझियाना स्टेटला गेले, तेव्हा संघाला प्लेऑफची आशा होती. २०२५ मध्ये लेन किफिन यांनी अकरा सामने जिंकून एकच हरलेल्या ओल मिसला सोडून त्याच लुइझियाना स्टेटची वाट धरली. प्लेऑफ तोंडावर होतं, मुलं त्यांच्याविना खेळली. ज्या कोचचा करार कोटींचा, तो उठून गेला तर 'व्यवसाय आहे' म्हणायचं आणि एकवीस वर्षांचं पोर थांबलं तर 'निष्ठा नाही'?

विद्यापीठंही यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये प्लेऑफमधून वगळलं गेल्यावर १०–२ असलेल्या नोत्र दामने बाउल खेळायलाच नकार दिला. आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेट यांनीही कोच बदलत असल्यामुळे नकार दिला. त्या दोघांना त्यांच्या परिषदेने, बिग ट्वेल्व्हने, प्रत्येकी ५ लाख डॉलर दंड केला. नोत्र दाम कुठल्याच फुटबॉल परिषदेत नाही, त्यामुळे त्यांना दंड करणार कोण? दंड झालाच तर तो संस्थेला व्हावा, ही पद्धत मला पटते. कराराला सही तिची असते.

११. हंगामाच्या मधोमध सोडलं तर?

हे जास्त गंभीर आहे, आणि इथे माझं मत थोडं कडक होतं. २०१८ पासून नियम असा की चार किंवा त्याहून कमी सामने खेळलेल्या खेळाडूचं ते वर्ष, कॉलेजात खेळण्यासाठी मिळणाऱ्या ठरावीक वर्षांत धरलं जात नाही. त्यामुळे चौथ्या सामन्याच्या आसपास थांबण्याचा मोह होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगासच्या संघाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका तीन सामने जिंकून दिल्यावर निघून गेला. कबूल केलेले पैसे दिले नाहीत, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. असा कुठलाही करार नव्हता, असं विद्यापीठाचं. लेखी काही असतं तर दोन दिवसांत निकाल लागला असता. राखीव क्वार्टरबॅकने संघ सावरला आणि तो हंगाम त्यांनी ११ विजयांनी संपवला.

अशा वेळी पुढच्या सामन्यांचे पैसे थांबणं रास्तच. चालू सत्राची फी मात्र सत्र संपेपर्यंत द्यावी. परीक्षेच्या आधी वसतिगृहातून सामान बाहेर काढणं ही शिक्षा शिक्षणसंस्थेला शोभत नाही.

कधी कधी वेळापत्रकच दोषी असतं. डिसेंबर २०२४ मध्ये पेन स्टेटच्या राखीव क्वार्टरबॅकला प्लेऑफच्या तोंडावर संघ सोडावा लागला, कारण विद्यापीठ बदलण्याची खिडकी, म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, नेमकी त्याच दिवसांत उघडी होती. त्याचे कोच त्याच्यावर चिडले नाहीत, वेळापत्रकावर चिडले. पुढे ती खिडकी जानेवारीत नेली. एका तारखेच्या बदलाने जे झालं, ते कुठल्या शिक्षेने झालं नसतं.

१२. अर्धाच सामना खेळून बाहेर बसला तर त्याला काय म्हणायचं?

मायामीच्या कॅम वॉर्डने डिसेंबर २०२४ च्या पॉप-टार्ट्स बाउलमध्ये हेच केलं. पहिल्या अर्ध्यात तीन टचडाउन फेकले, दुसऱ्या अर्ध्यात बाहेर बसला. संघ ४२–४१ असा एका गुणाने हरला आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. चार महिन्यांनी तो ड्राफ्टमध्ये पहिला गेला. कोचशी आधी बोलून ठरलं असेल तर ही माघारच, फक्त अर्धी. तरी मला स्वतःला पूर्ण माघार बरी वाटते. बदली खेळाडूला आठवडाभर सराव तरी मिळतो.

१३. निषेध म्हणून खेळायला नकार दिला तर?

१७ ऑक्टोबर १९६९. वायोमिंग विद्यापीठाचे चौदा कृष्णवर्णीय खेळाडू कोच लॉइड ईटन यांच्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी ब्रिगहम यंग विद्यापीठाशी सामना होता. ते विद्यापीठ चालवणाऱ्या चर्चचं वर्णाबाबतचं धोरण त्यांना मान्य नव्हतं. काळ्या फिती बांधून खेळता येईल का, एवढंच विचारायचं होतं. ईटन यांनी चौदाही जणांना तिथल्या तिथे काढलं. तोवर एकही सामना न हरलेला तो संघ हंगामाचे शेवटचे चारही सामने हरला, पुढच्या वर्षी त्याला एकच विजय मिळाला. न्यायालयातही त्या मुलांना दाद मिळाली नाही. विद्यापीठाने माफी मागितली ती २०१९ मध्ये, पन्नास वर्षांनी.

नोव्हेंबर २०१५ मध्ये मिसुरीच्या तीसेक खेळाडूंनी वर्णद्वेषाच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करणारे अध्यक्ष जाईपर्यंत खेळणार नाही असं सांगितलं. कोच गॅरी पिंकेल त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दोन दिवसांत अध्यक्ष टिम वुल्फ यांनी राजीनामा दिला. मग एका आमदाराने, आरोग्याखेरीज अन्य कारणाने खेळायला नकार देणाऱ्याची शिष्यवृत्ती काढावी, असं विधेयक आणलं आणि आठवड्याभरात मागे घेतलं. 'दांडी मारली तर शिक्षा' असा सरसकट नियम केला की तो पहिल्यांदा कुणावर चालवला जाईल, हे या दोन प्रसंगांवरून ओळखावं.

१४. दुखापत, मानसिक ताण, परीक्षा, सणवार यांचं काय?

यांना दांडी म्हणूच नये. दुखापतीचा निर्णय डॉक्टरचा, आणि मनाचं दुखणं हेही दुखणंच. धार्मिक कारण तर संस्थाच पाळतात. ब्रिगहम यंग विद्यापीठ रविवारी खेळत नाही, आणि राष्ट्रीय स्पर्धांची वेळापत्रकं त्याप्रमाणे लावली जातात.

आमची मुलगी कॉलेजच्या पोहण्याच्या संघात होती. खांदा दुखत असताना तिने दोन महिने कुणाला सांगितलं नाही, कारण आदल्या वर्षी अंग काढणारी म्हणून एका मैत्रिणीचं नाव झालं होतं. आम्हाला कळलं तोवर शस्त्रक्रियेवाचून इलाज नव्हता. नियमाच्या पुस्तकात कसलीही शिक्षा नव्हती. तरी भीती होतीच. म्हणून 'थोडा धाक हवा' असं कुणी म्हणालं की मी लगेच त्या खांद्याबद्दल बोलते.

१५. आमची मुलगी भारतातून टेनिस शिष्यवृत्तीवर गेली आहे. खेळणं थांबवलं तर व्हिसा जाईल का?

व्हिसा खेळावर अवलंबून नसतो, पूर्णवेळ शिक्षणावर असतो. एफ-१ व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याने साधारणपणे सत्राला १२ क्रेडिट घेतले पाहिजेत. संघ सोडला म्हणून व्हिसा रद्द होत नाही. शिष्यवृत्ती थांबली तर मात्र फीची सोय दाखवावी लागते, आणि ती रक्कम रुपयांत मोजताना पोटात गोळा येतो. म्हणून निर्णयाआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जावं. एनआयएलचे पैसे (प्रश्न ७) घेण्याच्या भानगडीत तर त्या कार्यालयाला आणि वकिलाला विचारल्याशिवाय पडूच नये. तिसऱ्या विभागातल्या कॉलेजांत आणि आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्तीच नसते, तिथे हा प्रश्न बराच हलका होतो.

१६. बीसीसीआयने श्रेयस अय्यरचा करार काढला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग इथे वेगळा न्याय का?

२८ फेब्रुवारी २०२४ च्या वार्षिक करारांच्या यादीत अय्यर आणि ईशान किशन नव्हते, आणि देशासाठी खेळत नसाल तेव्हा देशांतर्गत क्रिकेटला प्राधान्य द्या, असं मंडळाने त्यासोबत सांगितलं. फरक तीन आहेत. तो रीतसर वार्षिक करार होता, भरघोस पैशांचा. ते पूर्ण व्यावसायिक खेळाडू होते. आणि त्यांचं शिक्षण, राहणं, जेवण त्यावर अवलंबून नव्हतं. कराराचा उपाय करारापुरता राहिला, हे मला मान्य आहे. अय्यर त्याच हंगामात मुंबईकडून रणजीची उपांत्य आणि अंतिम लढत खेळला, वानखेडेवर विदर्भाविरुद्ध ९५ काढले, मुंबईने ४२ वं विजेतेपद घेतलं. एप्रिल २०२५ मध्ये दोघांचेही करार परत आले. परतीची वाट उघडी असलेली शिक्षा आणि विसाव्या वर्षी शिक्षण तोडणारी शिक्षा या एका तराजूत घालता येत नाहीत.

१७. महाराष्ट्रात क्रीडागुण किंवा कोट्यातून प्रवेश घेऊन मैदानावर न फिरकणाऱ्यांना हेच लागू होतं का?

नाही. ज्याने प्रवेशच खेळाच्या नावावर घेतला आणि एकदाही उतरला नाही, त्याने दुसऱ्या खऱ्या खेळाडूची जागा अडवली. बाउल सोडणाऱ्याने बारा सामने खेळून दाखवलेले असतात.

१८. माझ्या मुलाला या आठवड्यात ठरवायचं आहे. आधी कुणाशी बोलावं?

आधी डॉक्टरशी, तेही शक्यतो संघाबाहेरच्या. मग शिष्यवृत्तीचं पत्र आणि एनआयएलचा करार काढून 'स्वतःहून खेळ सोडणं', 'उपलब्धता', 'परतफेड' हे शब्द कुठे येतात ते बघा आणि त्या ओळी वकिलाला दाखवा. त्यानंतर कोचला समोरासमोर भेटून सांगा. निरोप पाठवू नका. कोचनंतर लगेच त्याच संध्याकाळी त्याच्या जागी खेळणाऱ्या मुलाला त्याने स्वतः फोन करावा. इन्स्टाग्रामवरचं पत्र सगळ्यांत शेवटी. आणि सामन्याच्या दिवशी प्रवासाची परवानगी मिळाली तर संघाबरोबर जाऊन सीमारेषेवर उभं राहावं. बरेच जण राहतात. टीव्हीवर ते क्वचितच दाखवतात.